धनिकांच्या वकिलांना गोपनीयता कशासाठी?

तटस्थ: ‘अतिश्रीमंतांची खासगी कामे पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्म म्हणजे कर चुकवण्याची दुकाने, त्यांच्या अशिलांना गोपनीयतेचा हक्कच नको’, असे एका सदस्याने काल ठणकावून लिहिले आणि अनेकांनी माना डोलावल्या. या फर्मचे रोजचे काम पाहिले, तर त्यात मृत्युपत्रे, विवाहपूर्व करार, ट्रस्ट आणि भावंडांचे तंटे यांचाच भरणा असतो. घर फ्रान्समध्ये, शेअर इंग्लंडमध्ये आणि मुले तिसऱ्याच देशात, अशा माणसाने काय करावे? फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्याने राखीव असतो, तर इंग्लंडमध्ये मृत्युपत्र करणाऱ्याला बरीच मोकळीक असते. युरोपीय संघाचे वारसाविषयक नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू झाले, तरी डेन्मार्क आणि आयर्लंड त्यांच्या बाहेरच राहिले. हा गुंता सोडवणारा वकील लगेच गुन्हेगार कसा ठरतो? शिवाय गुन्हा करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला गोपनीयतेचे संरक्षण नाही, हे इंग्लिश न्यायालयाने १८८४ मध्येच स्पष्ट केले आहे.

हिशेबनीस: मृत्युपत्रांचे कौतुक पुरे. २०१६ मध्ये पनामा पेपर्स फुटले, तेव्हा मोसॅक फोन्सेका या एकाच फर्मची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे बाहेर आली, त्यांत २ लाखांहून अधिक परदेशी कंपन्या आणि ट्रस्ट होते आणि आइसलँडच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. हे सारे भावंडांच्या तंट्यातून घडले, असे आपले म्हणणे आहे काय?

तटस्थ: ती फर्म घाऊक कंपन्या काढून त्या बँकांना आणि मध्यस्थांना पुरवत असे, कुटुंबाला सल्ला देणाऱ्या वकिलांशी तिची तुलना होत नाही. शिवाय २०२४ मध्ये पनामाच्या न्यायालयाने त्या खटल्यातील सर्व २८ आरोपींची निर्दोष मुक्तता केली, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

हिशेबनीस: विसरलो नाही. सर्व्हरवरून मिळालेला पुरावा हाताळताना नियम पाळले गेले नाहीत, म्हणून तो टिकला नाही. ती काही चारित्र्याची सनद नव्हे. घाऊक सोडा, किरकोळ पाहू. विवेकाधीन ट्रस्टमध्ये, म्हणजे कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांनी ठरवायच्या ट्रस्टमध्ये, संपत्ती कायद्याने विश्वस्तांची होते, लाभार्थींना ठरावीक वाट्यावर हक्क नसतो आणि संस्थापक मात्र ‘लेटर ऑफ विशेस’ नावाचे, आपल्या अपेक्षा सांगणारे पण बंधनकारक नसलेले पत्र लिहून ठेवतो, जे विश्वस्त सहसा डावलत नाहीत. कर भरायची वेळ आली की मालक कोणीच नाही आणि खर्च करायची वेळ आली की मालक ठरलेला! ही रचना सुचवते कोण?

वारसदार: आपण दोघे श्रीमंतांची काळजी करत बसा, या फर्म सर्वप्रथम लुटतात ते स्वतःच्याच अशिलांना. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन देशांतील मालमत्तेसाठी मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून अशाच एका फर्मची नेमणूक झाली होती, त्यातली एक मालमत्ता इंग्लंडमधील. वेळेची आकारणी सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत होई. बिलात प्रत्येक दूरध्वनी होता, दोन वकिलांनी आपसात केलेल्या चर्चेचे पैसे दोघांच्याही नावे होते आणि आम्हाला पाठवलेल्या सांत्वनपत्राचाही एक तुकडा लावलेला होता.

जुनी सनद: मी याच व्यवसायात हयात घालवली आहे. सांत्वनपत्राचे पैसे लावणे निंद्य आहे, त्याचे समर्थन करणार नाही. परंतु दर आणि आकारणीची पद्धत सुरुवातीच्या पत्रात लिहिलेली असते, ते न वाचता सही करायची आणि नंतर लूट म्हणून ओरडायचे, ही तक्रार मी फार ऐकली आहे.

वारसदार: सही माझी नव्हतीच, व्यवस्थापक तेच आणि वकीलही तेच. स्वतःचेच पत्र, स्वतःचीच सही आणि पैसे वडिलांच्या खात्यातून. वाचायला मला बोलावले कोणी? हयात घालवून एवढे तरी ध्यानात यायला हवे होते.

हिशेबनीस: विषयांतर म्हणू नका, हाच मुद्दा आहे. तासावर पैसे मिळत असतील, तर रचना साधी ठेवण्यात वकिलाचा स्वार्थ काय? एका ट्रस्टखाली तीन कंपन्या उभ्या राहतात त्या कराच्या लोभाने जितक्या, तितक्याच बिलाच्या लोभाने.

तटस्थ: मग आपली तक्रार गोपनीयतेविरुद्ध आहे की बिलाविरुद्ध? मूळ प्रश्न गोपनीयतेचा होता. कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंदवही सर्वांना खुली ठेवणे मूलभूत हक्कांवर अतिक्रमण आहे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला आहे, तो तरी मानाल?

हिशेबनीस: ज्यांना अपहरणाची भीती आहे, त्यांचा पत्ता चव्हाट्यावर नको, एवढे मानतो, नाइलाजाने. करखात्याला आणि वारसांना मात्र दार बंद नको.

जुनी सनद: वारसदार यांना रागावून बोललो, तरी एक उपयोगाचे सांगतो. इंग्लंडच्या १९७४ च्या सॉलिसिटर कायद्यातील कलम ७१ प्रमाणे मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून भरलेल्या वकिली बिलाची न्यायालयीन तपासणी लाभार्थीही मागू शकतो.

वारसदार: कलम आहे, हे मान्य. ते आमच्या व्यवस्थापकांनी कधीच सांगितले नाही, यातही नवल नाही. सांगितले असते, तर त्याचाही तुकडा लावला असता. अर्ज करायला किती विलंब चालतो, तेवढे लिहा.