जठरदाहावर दुधीचा रस द्यावा का?

जाईजुई: माझ्या सासऱ्यांना जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज असल्याचे आढळले आहे. गुडघेदुखीसाठी त्यांची वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज चालू असते. डॉक्टरांनी पित्त कमी करणारे औषध उपाशीपोटी घ्यायला सांगितले आहे. परंतु सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या सांगण्यावरून ते बंद करून पेलाभर कच्च्या दुधीचा रस घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. कोणी कोबीचा रसही सुचवतात. यांचा खरोखर उपयोग होतो का?

परसबाग: दुधी सौम्य भाजी आहे, हे खरे, पण रस काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. दुधीचा छोटा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा आणि किंचितही कडवट लागला तर तो दुधी टाकून द्यावा. काकडी-भोपळ्याच्या कुळातील या फळांत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण वाढलेले असल्यास रस प्यायल्यावर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणे असे प्रकार घडतात. आपल्याकडे त्यातून मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृतिगटाने याचा अभ्यास करून 2012 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. या विषबाधेवर उतारा नाही. पुदिना, लिंबू, आवळा घातला की कडूपणा झाकला जातो, म्हणून अशी मिश्रणे मला अधिक धोक्याची वाटतात. "कडू तेवढे गुणकारी" ही आपली समजूत इथे अंगाशी येते.

जुना_वाचक: कोबीच्या रसाचा बोलबाला कॅलिफोर्नियातील डॉ. गार्नेट चेनी यांच्यामुळे झाला. त्यांनी 1949 मध्ये जठर व लहान आतड्याच्या व्रणाच्या 13 रुग्णांना दररोज सुमारे लिटरभर कच्चा रस देऊन व्रण लवकर भरल्याचे नोंदवले आणि त्यातील घटकाला पुढे "व्हिटॅमिन यू" म्हटले गेले, जरी ते जीवनसत्त्व म्हणून मान्य झालेले नाही. मात्र रुग्ण मोजके होते आणि तुलनेसाठी रस न दिलेला वेगळा गट नव्हता, त्यामुळे त्यावर उपचार बेतता येत नाहीत. शिवाय लिटरभर कच्च्या कोबीने पोट किती फुगेल, ते वेगळेच. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल, तर कोबी एकदम वाढवणेही योग्य नाही.

वैद्यकीय_विद्यार्थी: माझ्या मते चर्चा रसाभोवतीच फिरते आहे आणि कारण बाजूला राहिले आहे. रोजची वेदनाशामक गोळी हेच इथे पहिले संशयित आहे. तिला पर्याय काय, हे डॉक्टरांना विचारा. दुसरे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याच्या शोधासाठी 2005 चे नोबेल मिळाले. त्यावर प्रतिजैविकांचा ठरावीक कालावधीचा उपचार लागतो; भाजीच्या रसाने तो जिवाणू नाहीसा होत नाही. दुर्बिणीच्या वेळी जठराचा तुकडा तपासला होता का, ते अहवालात पाहा. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असल्यास पित्ताचे औषध साधारण दोन आठवडे आधी थांबवावे लागते, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

जाईजुई: अहवालात तुकड्याचा उल्लेख नाही. दुधी शिजवून दिला तर चालेल ना?

परसबाग: गोड निघाला तर खुशाल द्या, मुगाच्या डाळीत घातलेली, तिखट-तेल बेताचे असलेली भाजी उत्तम. कडू दुधी मात्र शिजवूनही चालत नाही. आणि शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर थेट रुग्णालय गाठा.