मदत हवी आहे: काडतुसाच्या पुंगळ्या बदलल्यावर .३०८ चा लोड (दारू, गोळी, प्रायमर यांचा मेळ) कसा जुळवावा?

कोलोरॅडोतील ऑक्टोबरच्या एल्क (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाचा माझा लोड विंचेस्टर कंपनीच्या पुंगळ्यांत बसवलेला होता. त्यांच्या तोंडांना चिरा पडू लागल्याने आता लापुआ कंपनीच्या घेतल्या आहेत. या वजनाला जड आहेत आणि झाडलेल्या पुंगळीत काठोकाठ पाणी भरून तोलले असता आतली जागाही कमी भरते, म्हणजे तेवढ्याच बंदुकीच्या दारूला दाब वाढणार. म्हणून काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधील सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढवत आलो. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), १६५ ग्रेन वजनाची गोळी आणि काडतुसाची एकूण लांबी तीच आहे. बोल्ट सहज उघडतो, प्रायमरच्या कडाही गोल राहतात, म्हणजे जास्त दाबाची खूण दिसत नाही. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) जुना वेग कमी दारूतच मिळतो, मात्र १०० यार्डांवर गट (लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका) फाकतो. दारू याहून वाढवायची नाही. अशा वेळी आधी गोळी बसवण्याची खोली बदलून पाहावी, की दारू आणखी उतरवून कमी वेगावर गट शोधावा?