जर्मन ‘हाले’ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली: बर्लिनच्या एईजी या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीवरचा मजकूर मराठीत आणतेय. एमिल राथेनाऊंनी १८८३ मध्ये एडिसनची पेटंटं घेऊन काढलेली कंपनी, १८८७ ला एईजी नाव झालं. १९०७ मध्ये त्यांनी पीटर बेरेन्सला कला सल्लागार नेमलं आणि त्याने किटल्या, पंखे, जाहिराती, कंपनीचं षटकोनी चिन्ह सगळंच हातात घेतलं. इथवर ठीक. अडलेय त्यानेच कंपनीसाठी उभारलेल्या कारखान्याच्या इमारतीवर, १९०९ च्या ‘टुर्बीनेनहाले’वर. ‘टर्बाइन हॉल’ लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, लग्नाला देतात का भाड्याने?

स्पॅनर१४: अहो ताई शेड म्हणा ना सरळ. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं काढली, बाहेरून ती शेड आणि आत गेलं की शॉप, वाइंडिंग शॉप, असेंब्ली शॉप. नवीन लग्न झालं तेव्हा रोज सांगायचो शॉपमधून यायला उशीर होईल, बायकोला सहा महिने वाटत होतं मी दुकानात कामाला आहे.

बोरूबहाद्दर: शेड?? शेड पत्र्याची असते. ही इमारत पहिल्यांदा बांधली तेव्हाच १२३ मीटर लांब होती, रस्त्याच्या बाजूने पोलादी खांबांची रांग आणि मधे नुसत्या काचा, लोक तिला श्रमाचं कॅथेड्रल म्हणतात आणि तुम्ही शेड! आपल्याकडे ‘शाळा’ आहे की. वेधशाळा, धर्मशाळा. टांकसाळ म्हणजे टंकशाळाच, नाणी पाडायचा कारखाना. तसं टर्बाइनशाळा. शिवाय ‘हाले’ आणि ‘शाला’ एकाच धातूतून आलेत, झाकणे या अर्थाच्या.

खडूस: टर्बाइनशाळेत टर्बाइनं पाढे म्हणतात का? धातूचं मीही वाचलंय, असेल खरं, पण वाचक धातू बघून वाचत नाही. ‘कार्यशाळा’चं काय झालं बघा. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत खरोखरच्या बस बांधतात, पण आज कार्यशाळा म्हटलं की चहा-बिस्किटं आणि शेवटी प्रमाणपत्र.

बोरूबहाद्दर: म्हणजे लोक विसरले म्हणून शब्द टाकून द्यायचा? मग उद्या मराठीच टाका.

बर्लिनची_अनु: भांडू नका हो. मी बर्लिनच्या मोआबिट भागातल्या त्या इमारतीवरून बऱ्याचदा जाते, दर्शनी भिंतीवर ‘हाले’ लिहिलेलंच नाहीये! षटकोनात एईजी आणि खाली ‘टुर्बीनेनफाब्रीक’, म्हणजे टर्बाइन कारखाना. जिथे यंत्राची जोडणी होते ती मोठी जागा म्हणजे हाले. तिथे आजही टर्बाइनंच होतात, फक्त गॅसची आणि मालक सीमेन्स एनर्जी. आणि कोपऱ्यातले ते बुरुजासारखे दिसणारे काँक्रीटचे भाग काही पेलत नाहीत, नुसतं आवरण आहे, भार सगळा पोलादी चौकटींवर. बेरेन्स मुळात चित्रकार, चौकटींचं गणित कार्ल बेर्नहार्ड या इंजिनिअरचं, पण नाव कुणाचं झालं ते बघाच.

स्पॅनर१४: आमच्याकडे पण तसंच, काम फिटरचं आणि फोटो साहेबाचा 😀

भाषांतरवाली: अनु, थँक्यू, पण मग त्या चौकटींनाही तीन-तीन ठिकाणी फिरते सांधे आहेत, खांबाच्या पायाशी तर रस्त्यावरून दिसतात. ‘बिजागरी’ लिहू का? आणि दोन खांबांमधल्या जागेला?

स्पॅनर१४: बिजागरी दाराला. पिन जॉइंट म्हणा. दोन खांबांमधली जागा म्हणजे बे.

बोरूबहाद्दर: बे एके बे का? अहो ‘खण’! कोकणात आमच्या आजोळचं घर पाच खणी होतं, खांबाखांबांतलं अंतर तो खण.

खडूस: खण चोळीचा. नाहीतर कपाटाचा. ‘कारखान्याला इतके खण’ वाचून लोक ड्रॉवर शोधतील.

बोरूबहाद्दर: ड्रॉवरच्या आधीपासून घराला खण आहेत!

बर्लिनची_अनु: आमच्या वाड्यात पण खणच म्हणायचे, आजी घर सांगतानाच खणांत सांगायची, स्क्वेअर फूट तिला कळायचे नाहीत.

स्पॅनर१४: आमचा मुकादम मात्र ‘गाळा’ म्हणायचा. चौथ्या गाळ्यात क्रेन आण.

भाषांतरवाली: ‘हाले’चे हाल तसेच राहिले. उद्या मजकूर द्यायचाय मला.

बोरूबहाद्दर: देऊ हो. गाळा भाड्याचा असतो, खण बांधणीचा. मुकादम कुठला होता तुमचा, घाटावरचा का?