मदत हवी आहे: कोचने मानसिक आजाराची लक्षणं किती ओळखायची आणि कुठे थांबायचं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी म्हटलं इथेच विचारावं, कारण इथे सायकॉलॉजीवाले आहेत, दुसरे कोच आहेत आणि स्वतः ट्रीटमेंट घेतलेले लोकही मोकळेपणाने लिहितात. मी लाइफ कोच आहे, म्हणजे करिअर बदलायचंय, निर्णय होत नाहीये, कामात जीव रमत नाही अशी माणसं माझ्याकडे येतात. रीतसर सर्टिफिकेशन केलंय, पण ट्रेनिंगमध्ये मानसिक आजार हा विषय एका वाक्यात आटपला होता: गरज वाटली तर थेरपिस्टकडे पाठवा. अहो पण गरज वाटायची कशावरून ते कोणी सांगेल का? माणूस काही कपाळावर पाटी लावून येत नाही.

आधीच सांगते, मला कुणाचं डायग्नोसिस करायचं नाहीये, तेव्हा "ते तुझं काम नाही" हे उत्तर कृपया नको, ते पाठ आहे मला. माझी अडचण त्याच्या अलीकडची आहे.

थोडं वाचन केलं. डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक (२०१३ चं, मग २०२२ मध्ये सुधारून आलेलं), त्यात पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे स्वभावाच्या ठेवणीतले विकार, दहा, तीन गटांत विभागलेल्या. त्यातल्या बॉर्डरलाइनचे (भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याचा प्रकार) नऊ निकष आणि त्यातले कुठलेही पाच जुळले तर चालतात, म्हणजे हिशोब केला तर २५६ वेगवेगळ्या जुळण्या होतात आणि दोघांना एकच नाव लागूनही त्यांच्यात एखादंच लक्षण सारखं असू शकतं. हे वाचून मी आणखीच गोंधळले. यादी समोर ठेवून बसलं तर अर्धे क्लायंट, माझा नवरा आणि मी स्वतः, सगळे कुठे ना कुठे बसतोय.

आता मुद्द्याचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

एक बाई आहेत. पहिल्या सेशननंतर मेसेज आला की तुमच्याइतकं मला आयुष्यात कुणी समजून घेतलं नाही. छान वाटलं, कुणाला वाटणार नाही. नंतर मला ताप आला म्हणून एक सेशन दोन दिवस पुढे ढकललं तर रात्री साडेअकरापासून मेसेज सुरू, आधी "ठीक आहे", मग "मला माहीतच होतं", मग "तुम्ही पण बाकीच्यांसारख्याच निघालात, पैशापुरत्या", आणि सकाळी सातला फुलाचा फोटो आणि गुड मॉर्निंग, जणू रात्री काही झालंच नाही. त्यांच्या बोलण्यातही माणसं एकतर देव नाहीतर राक्षस, मधलं कुणी नाही. परवा मध्येच म्हणाल्या, "कंटाळा आलाय सगळ्याचाच", आणि लगेच विषय बदलला.

दुसरे एक गृहस्थ. कित्येक महिने ढिम्म, काही ठरवलं तरी करायचे नाहीत. आणि अचानक एका सेशनला असे आले की ओळखूच येईनात, नोकरीचा राजीनामा देऊन आले होते, तीन बिझनेसचे प्लॅन, एकासाठी कर्ज काढायची तयारी, रात्री तीन तास झोप पुरते म्हणाले आणि थकवा नावाला नाही. बोलताना मध्ये शब्द घालायला जागा मिळेना. कोचिंगच्या जाहिरातीत शोभेल असा क्लायंट! ब्रेकथ्रू म्हणून टाळ्या वाजवायच्या असं आम्हाला शिकवलेलं, पण माझ्या पोटात मात्र गोळा आला. का, ते सांगता येत नव्हतं.

आणि तिसरा प्रकार तर रोजचाच: माझा बॉस नार्सिसिस्ट आहे, माझी बायको टॉक्सिक आहे, रील्स बघून आलेले असतात आणि मी मान डोलवावी अशी अपेक्षा असते.

तर विचारायचं हे की माझ्यासारखीने नेमकं बघायचं काय, स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो हे बाहेरून कळतं का, आणि कळलं तर समोरच्याला न दुखावता सांगायचं कसं? पुस्तकी यादी नको, कामाचं सांगा. आगाऊ धन्यवाद.

---

रात्रपाळी:

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे म्हणून लिहितो. पर्सनॅलिटीचं नंतर बघू, आधी तुमच्या दुसऱ्या क्लायंटबद्दल, कारण घाई तिथे आहे.

झोप येत नाही आणि झोपेची गरजच वाटत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. डिप्रेशनमधला किंवा काळजीतला माणूस तीन तास झोपला तर सकाळी गळून गेलेला असतो. तीन तास झोपून ताजातवाना, सोबत बोलण्याचा वेग वाढलेला, पैशाचे मोठे निर्णय एकदम, आणि हे सगळं आधीच्या माणसापेक्षा ठळक वेगळं, असं दिसलं की मॅनिया (उत्साह आणि वेग आजारासारखा टोकाला जाणं) किंवा हायपोमॅनियाची (त्याचंच सौम्य रूप) शंका घ्यायलाच हवी. हायपोमॅनियासाठी सलग चार दिवस धरतात, मॅनियासाठी आठवडा, आणि ॲडमिट करायची वेळ आली तर तेवढंही थांबत नाहीत. थायरॉइड वाढलेला असणं, स्टेरॉइड, नशा, नुकतीच सुरू झालेली डिप्रेशनची गोळी, यातल्या कशानेही असं होऊ शकतं, म्हणून सायकियाट्रिस्टनेच बघायला हवं आणि याच आठवड्यात. तोवर त्यांच्याबरोबर एकही गोल सेट करू नका. कर्जाची सही पुढे ढकलायला लावा, घरातलं कुणीतरी जवळ असू दे म्हणा. तुमच्या पोटातला गोळा बरोबर होता, त्यांच्या उत्साहात बदलाचं प्रमाण दिसत होतं तुम्हाला.

आता त्या बाई. बॉर्डरलाइन असेल, नसेलही. जुना ट्रॉमा असू शकतो, बायपोलर (मॅनिया आणि डिप्रेशनचे झटके येणारा आजार), एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा), किंवा सध्या घरात काहीतरी भयंकर चाललेलं असू शकतं. पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणायचं तर तो पॅटर्न किशोरवयात किंवा विशीत सुरू झालेला, वर्षानुवर्षं टिकलेला आणि नोकरी, घर, मैत्री सगळीकडे दिसणारा हवा. तुम्हाला आठवड्यातून एक तास दिसतो, तोही एकाच नात्यातला, तुमच्याशी असलेल्या. एवढ्यावर आम्हीसुद्धा ठरवत नाही.

स्वभाव आणि आजार यांच्यात रेघ शोधताय ना, ती आम्हालाही आखीव सापडत नाही. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जुने बहुतेक प्रकार काढून टाकलेत (बॉर्डरलाइन पॅटर्न तेवढा नोंदवता येतो) आणि आधी विचारतात त्रास किती: सौम्य, मध्यम की तीव्र. तुमच्या कामाला हेच पुरेसं आहे. नाव शोधू नका, झोप, जेवण, काम, पैसा, नशा, नाती यात पूर्वीपेक्षा काय बिघडलंय, किती दिवस, आणि त्यामुळे रोजचं काय अडतंय, तेवढं लिहून ठेवा. डिप्रेशनसाठी दोन आठवडे धरतात. पण लक्षणं त्याआधीच जोरात असतील तर दिवस मोजत बसू नका.

अवांतर: नार्सिसिस्ट बॉसबद्दल. १९६४ च्या अमेरिकन निवडणुकीत एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या उमेदवाराच्या मानसिक तब्येतीबद्दल सायकियाट्रिस्ट लोकांची मतं छापली होती, त्यांना न तपासताच. प्रकरण कोर्टात गेलं, मासिक हरलं, आणि १९७३ मध्ये तिथल्या सायकियाट्रिस्ट संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीवर डॉक्टरने असं मत द्यायचं नाही. न भेटलेल्या बॉसवर तुम्हीही देऊ नका. "ते काय करतात आणि तेव्हा तुम्ही काय करता" एवढं विचारलं तरी गाडी रुळावर येते. फक्त घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर तो कोचिंगचा विषय राहत नाही.

---

साधा_माणूस:

मीपण कोच, बरीच वर्षं. वरच्या प्रतिसादाला +१.

सांगायचं कसं याचं अर्धं उत्तर पहिल्याच भेटीत असतं. करारातच लिहा की कोचिंग म्हणजे उपचार नव्हे, आणि मला वाटलं की तुम्हाला दुसऱ्या प्रकारची मदत लागेल तर मी तसं बोलेन. हे आधी बोललेलं असलं की नंतर आकाश कोसळल्यासारखं होत नाही. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनचे क्लायंट थेरपीकडे कधी पाठवावा याचे मार्गदर्शक मुद्दे आहेत, ते जरूर वाचा.

प्रत्यक्ष सांगताना आजाराचं नाव तोंडातून काढायचंच नाही, जे बघितलं तेच सांगायचं. मी साधारण असं म्हणतो: "गेल्या काही भेटींत तुम्ही तीनदा म्हणालात की झोप नाही आणि ऑफिसला जाववत नाही. यावर माझ्यापेक्षा चांगली मदत करणारी माणसं आहेत. आपण मिळून एकाचा नंबर काढूया का?" मिळून हा शब्द मुद्दाम वापरतो. कार्ड हातात ठेवून "हे बघा जमलं तर" म्हटलं की माणूस जात नाही हो, घरी जाऊन एवढंच लक्षात ठेवतो की आपल्याला वेडं ठरवलं.

बाकी रात्री साडेअकराच्या मेसेजला साडेअकराला उत्तर देत असाल तर आधी ते बंद करा.

---

उलटसुलट:

मला बॉर्डरलाइनचं डायग्नोसिस आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. धागाकर्तीने यादी न मागता माणसाबद्दल विचारलं ते बरं वाटलं, नाहीतर बहुतेक ठिकाणी आमच्याबद्दल "पळा" एवढाच सल्ला असतो.

रात्रीचे ते मेसेज मी पाठवलेत, आणि सकाळची फुलंपण. बाहेरून नाटक वाटतं, पण त्या क्षणी सेशन पुढे ढकललं म्हणजे हा माणूस गेला, संपलं, असंच अंगात भिनलेलं असतं, आणि सकाळी इतकी लाज वाटते की काही झालंच नाही असं वागण्याशिवाय सुचत नाही. माझ्या एका कोचने तीन महिने माझं सगळं झेललं, कधीही फोन कर म्हणाला, आणि मग एक दिवस एका ओळीचा मेसेज, सोबत बॉर्डरलाइनवरच्या लेखाची लिंक, आणि ब्लॉक. ते मला आजाराच्या नावापेक्षा जास्त लागलं. तेव्हा आधी फार गोड होऊ नका आणि नंतर तोडूही नका. साधा_माणूस म्हणतोय ते मेसेजचं खरंय, फक्त अचानक गप्प होऊ नका, वेळ सांगा. "मी मेसेज सकाळी दहाला बघते" म्हणालात तर दहाला खरंच बघा, मला तरी सगळ्यात जास्त आधार याच गोष्टीचा वाटला.

आणि हे कायमचं नसतं हो. माझी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, टोकाच्या भावना सांभाळायला शिकवणारी) झाली, त्यात एकट्याचं सेशन वेगळं आणि ग्रुपमध्ये स्किल्स शिकायचा क्लास वेगळा असतो. ती पद्धत काढणाऱ्या मार्शा लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः हॉस्पिटलात होत्या. वर्षानुवर्षं पेशंटच्या मागे राहून केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं पुष्कळ कमी झालेली दिसतात. नोकरी आणि नाती रुळावर यायला मात्र जास्त वेळ लागतो, माझंही तेच चाललंय. त्यामुळे थेरपिस्टकडे पाठवलंत म्हणून कोचिंग संपलंच पाहिजे असं नाही. थेरपी सुरू असताना सीव्ही लिहायला मला कोचच हवा होता.

---

खिडकीतली (धागाकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. उलटसुलट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अपडेट: त्या गृहस्थांना फोन केला. बिझनेसबद्दल एक शब्द न काढता झोपेबद्दलच विचारलं, तर आधी उडवून लावलं आणि मग स्वतःच म्हणाले की बहीणपण हेच म्हणतेय. बहिणीने अपॉइंटमेंट घेतली आहे, सही सध्या थांबवली आहे. बघू.

एक राहिलं. त्या बाईंचं "कंटाळा आलाय सगळ्याचाच". उद्या सेशन आहे. आत्महत्येबद्दल थेट विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलेलं मीच घातलं तर?

---

रात्रपाळी:

विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, यावर पुरेसा अभ्यास झालाय, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. सरळ शब्दांत विचारा: "परवा तुम्ही कंटाळा आलाय म्हणालात, जीव द्यावासा वाटतो का कधी?" आडून आडून, "तसं काही नाही ना?" असं विचारलंत तर उत्तर नाही असंच येणार. हो म्हणाल्या तर घाबरून उपदेश सुरू करू नका, पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधी असं काही मनात आहे का, याआधी प्रयत्न केलाय का. नुसतं "झोपेतून उठूच नये" असं वाटत असेल तर लवकरात लवकर अपॉइंटमेंट आणि तोवर घरच्या कुणाला तरी सांगायला त्यांना तयार करणं. मार्ग आणि वेळ ठरलेली असेल तर त्यांना एकटं सोडायचं नाही, कॉल चालू ठेवायचा आणि इमर्जन्सी सेवेला किंवा जवळच्या माणसाला त्याच क्षणी कळवायचं. तिथे गोपनीयता लागू होत नाही, आणि हेही करारात आधीच लिहिलेलं हवं.

सेशन ऑनलाइन असेल तर सुरुवातीलाच विचारून ठेवा, आत्ता कुठे बसला आहात आणि घरात कोण आहे. लोक हे विसरतात, आणि मग मदत कुठल्या पत्त्यावर पाठवायची हेच माहीत नसतं.

---

खिडकीतली (धागाकर्ती):

ऑनलाइनच आहे. माझ्या फॉर्ममध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा रकानाच नाहीये, आत्ता घालते आणि सगळ्याच क्लायंटना नवा फॉर्म पाठवते, एकट्या त्यांना पाठवला तर वेगळाच अर्थ निघायचा. कराराचा मसुदा झाला की इथे टाकेन, साधा_माणूस, तुम्ही एकदा नजर घाला प्लीज.