ब्लूमने शिक्षकाला काय दिलं? क्रियापदांची यादी?

सरावपाठ
बी.एड.ला माझं एक पाठ टाचण (तासाचं लेखी नियोजन) चार वेळा परत आलं होतं. चूक काय, तर उद्दिष्टाच्या स्पष्टीकरणात 'विद्यार्थ्यास समजते' असं लिहिलेलं. 'समजते' मोजता येत नाही, म्हणून 'कारणे सांगतो', 'फरक स्पष्ट करतो' असं लिहायचं. आज वीस वर्षं शिकवतेय आणि प्रश्नपत्रिकेआधी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा गुणवाटपाचा आराखडा, भरतेय: ज्ञानाला इतके गुण, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम (१९१३–१९९९) यांचं नाव आपल्याकडे प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. पण ज्ञान, आकलन, उपयोजन अशा पायऱ्या पाडणाऱ्या त्यांच्या १९५६च्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणाने आपल्याला कारकून केलं, असं माझं ठाम मत आहे. वर्गात मूल अडतं तेव्हा तो तक्ता काहीही मदत करत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण आरोपी चुकला. ब्लूम शिकागो विद्यापीठात परीक्षांचं काम बघायचे, मूल्यमापनतज्ज्ञ राल्फ टायलर यांच्या तालमीत तयार झालेले. वेगवेगळ्या कॉलेजांच्या परीक्षकांना आपापले प्रश्न एकमेकांना देता-घेता यावेत, त्यासाठी एक समान भाषा हवी होती. वर्गीकरण त्यातून आलं. पाठ टाचणासाठी ते नव्हतंच. ते एकट्याचंही नव्हे, सहकाऱ्यांसोबतचं काम. आणि हल्ली प्रशिक्षणात दाखवतात तो या पायऱ्यांचा रंगीत त्रिकोण मूळ पुस्तकात नाहीच.

१९५०च्या दशकाच्या शेवटी ब्लूम परीक्षा सुधारणेसाठी भारतात आले होते. १९५८ला केंद्रीय परीक्षा विभाग निघाला, पुढे तो एनसीईआरटीत गेला. त्याआधीच्या प्रश्नपत्रिका मी विद्यार्थी म्हणून सोडवल्या आहेत. 'सविस्तर वर्णन करा', 'टिपा लिहा', संपलं. ज्याची घोकंपट्टी चांगली, तो हुशार. 'उपयोजन' हा शब्द प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या डोक्यात शिरला, हे उपकार मी विसरणार नाही.

सरावपाठ
सर, शब्द शिरला. प्रश्न बदलला का? 'उपयोजना'चा प्रश्नही गाइडमध्ये उत्तरासकट छापून येतो. मग तेही ज्ञानच झालं, पाठ केलेलं.

गणितवाली
हे मात्र अगदी बरोबर. पण मला ब्लूम आवडतात ते १९६८च्या लेखासाठी, प्रभुत्व अध्ययनासाठी. त्यांचं म्हणणं असं: शाळा सगळ्यांना वेळ सारखा देते, म्हणून शिकणं कमी-जास्त होतं. वेळ आणि मदत गरजेप्रमाणे द्या, म्हणजे बहुतेक सगळी मुलं तिथवर पोचतील. घटक शिकवा, छोटी चाचणी घ्या, पण गुण देऊ नका. कोण कुठे अडलं ते बघा, त्या मुलांना तेवढंच दुसऱ्या पद्धतीने शिकवा, पुन्हा चाचणी घ्या. मग पुढचा घटक. अपूर्णांक कच्चे ठेवून बीजगणितात ढकललेलं मूल दरवर्षी माझ्या वर्गात येतं. 'मठ्ठ आहे' हा शिक्का त्याला पाचवीतच बसलेला असतो. हा शिक्का खोटा आहे, असं ज्याने संशोधनाच्या भाषेत मांडलं, त्याला कारकुनीचा बाप म्हणू नका.

आकडेमोड
भावना पटते, पुरावा तपासू या. १९८४च्या लेखात ब्लूम म्हणाले की एकेकट्याला शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. आधार होता दोन पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचा, तेही काही आठवड्यांचे. व्हॅनलेन या संशोधकाने २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर शिकवणीचा परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसला. प्रभुत्व अध्ययनाबद्दल स्लॅव्हिन या संशोधकाने १९८७लाच दाखवलं होतं की शिक्षकाच्या स्वतःच्या चाचणीत फायदा दिसतो, सगळीकडे एकसारख्या घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचणीत जवळजवळ नाही. तरी शिकवणीची अ‍ॅप विकणारे तोच ९८चा आकडा पुढे करतात. संशोधकाचा प्रभाव मोजताना हेही धरायला हवं.

गणितवाली
धरा की. निम्म्याहून कमी म्हणजे शून्य नव्हे. माझ्या वर्गात तेवढाही फरक पडला तर चार-पाच मुलं नापास व्हायची वाचतील.

सरावपाठ
१९६८चा हा भाग मला बी.एड.ला कुणी शिकवलाच नाही. यादी तेवढी पाठ करून घेतली. पण ताई, तुमची ती दुसरी चाचणी बसवायची कुठे? माझ्या वर्गात ६२ मुलं आहेत आणि अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपवायचा आहे. तुम्ही प्रत्यक्ष करत असाल तर एका घटकाला किती तासिका जातात, तेवढं सांगा.

गणितवाली
अपूर्णांकाला तीन जास्तीच्या. त्या मी उजळणीच्या आठवड्यातून काढल्या. ज्यांचं जमलेलं असतं ती मुलं अडलेल्यांशेजारी बसतात.