नवीन कन्सोल घेताना: पीएस५, एक्सबॉक्स की स्विच २? (अनुभव धागा)

‘कोणता कन्सोल घेऊ?’ असं विचारलं की लगेच दोन पक्ष पडतात, आणि विचारणारा कंटाळून नवा फोन घेऊन मोकळा होतो. म्हणून इथे पक्ष नकोत. टीव्ही कोणता, डिस्क की डाउनलोड, नेट कसं, वीज कशी, खेळणारं कोण, यांच्याशी ज्याचा संबंध आहे तेवढंच लिहा. आकडे, सेटिंग, काय बिघडतं आणि का बिघडतं. खालच्या प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

टीव्हीपासून सुरुवात करतो, कारण कन्सोलचे निम्मे पैसे तिथेच वाया जातात. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के चित्र १२० हर्ट्झने (सेकंदाला १२० वेळा) देऊ शकतात. ते दिसायला एचडीएमआय २.१ पोर्ट आणि १२० हर्ट्झचं पॅनेल, दोन्ही लागतं. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ असतं, पण पॅनेल ६० हर्ट्झचंच, त्या २.१ चा अर्थ तिथे ईएआरसी (साउंडबारला आवाज पाठवणं) आणि एएलएलएम (गेम मोड आपोआप लागणं) एवढाच. ‘मोशन रेट १२०’ हा जाहिरातीचा आकडा, ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ हा खरा. चारपैकी एखाददोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा, म्हणजे साउंडबार आणि कन्सोल एकाच पोर्टसाठी भांडतात.

पोर्ट बरोबर निवडूनही एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) आलं नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट ‘स्टँडर्ड’वरून ‘एन्हान्स्ड’ करा. कंपनीगणिक नाव बदलतं. केबल खोक्यातलीच वापरा, ती ४८ जीबीपीएसची असते. गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि शिव्या कंट्रोलरला बसतात. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) गेममध्ये हवं असेल तर ते एक्सबॉक्समध्ये आहे, पीएस५ मध्ये नाही.

खटपट्या

डिस्क घालता येणारा कन्सोल की ड्राइव्ह नसलेला डिजिटल, याचा हिशोब मांडून बघा. एप्रिल २०२४ मध्ये पीएस५ स्लिम भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० होता. फरक दहा हजारांचा. समजा नवा मोठा गेम पाच हजारांना घेतला आणि संपवून तीन हजारांना विकला, तर तीन-चार गेममध्ये फरक फिटतो. डिजिटल गेम विकता येत नाही, मित्राला देताही येत नाही. उलट जो वर्षभर एकच फुटबॉल किंवा क्रिकेट खेळणार, त्याला ड्राइव्हची गरज नाही.

डिस्क घेतली की जागा वाचते, हा गैरसमज आहे. गेम पूर्ण इन्स्टॉल होतोच. डिस्क फक्त किल्ली, ती खेळताना आत लागते. स्लिम डिजिटलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना नेट हवंच, त्याशिवाय पेअर होत नाही. पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पीएस५ वर चालतात, पीएस३ च्या नाही. परदेशातून कोणी डिस्क आणली तर ती चालेल, मात्र डीएलसी (गेमचा विकतचा जादा भाग) डिस्कच्याच देशाच्या अकाउंटवरून घ्यावा लागतो. भारतीय अकाउंटवरून घेतलेला डीएलसी अमेरिकन डिस्कला जुळला नाही तर पैसे गेले.

चौकटराजा

जागेचं मीही लिहितो. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेले, वापरायला ६६७. सिरीज एक्समध्ये १ टीबीचे ८०२ उरतात, ५१२ जीबीवाल्या धाकट्या सिरीज एसमध्ये ३६४. शंभर-शंभर जीबीचे गेम आहेत, एसवर तीनच बसतात!

पीएस५ मध्ये आत एसएसडी (जागा वाढवणारी पट्टी) बसवता येते. एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, २५० जीबी ते ८ टीबी. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) सक्तीचा, आणि त्याच्यासकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. सर्वात जास्त चुका इथेच होतात: डेस्कटॉप पीसीसाठीचा उंच हीटसिंक घेतला की खणाचं झाकण लागत नाही.

कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोड नव्हे. वायरी काढा, थंड होऊ द्या. बाहेरचं कव्हर काढून खणाच्या झाकणाचा एक स्क्रू सोडवा. आत छोटा स्क्रू आणि त्याखाली स्पेसर (टेकूची छोटी कडी) असतो. स्पेसर ८० लिहिलेल्या भोकात हलवा, बहुतेक एसएसडी २२८० मापाच्याच, म्हणजे ८० मिलिमीटर लांबीच्या असतात. एसएसडी तिरकी घालून दाबा, स्क्रू लावा, पिळू नका. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो आणि वेग दाखवतो. स्पेसर हलवायला विसरलात तर पट्टी वाकते.

यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस५ चे गेम साठवता येतात, खेळता येत नाहीत. पीएस४ चे खेळता येतात. एक्सबॉक्सचं तसंच, फक्त तिथे एसएसडीऐवजी मागच्या खाचेत बसणारं खास कार्ड लागतं. बसवायला दोन सेकंद, पण महाग.

ताकवाली

सिरीज एसबद्दल कोणी बरं बोलत नाही म्हणून लिहिते. १०८० च्या टीव्हीवर तो पुरतो, आवाज नाही, आकार लहान, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला होता. अडचण आहे मेमरीची (साठवणीची जागा नव्हे, रॅम): एक्समध्ये १६ जीबी, एसमध्ये १०. डिसेंबर २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर आला तेव्हा एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळणं) नव्हतं, ते याच कारणाने. डिस्क ड्राइव्ह नाही आणि नंतर जोडताही येत नाही.

गेम पासच्या (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवर गेम देणाऱ्या सेवेच्या) भरवशावर एक्सबॉक्स घेणाऱ्यांनी वर्षाचा खर्च आधी काढावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इसेन्शियल, प्रीमियम, अल्टिमेट असे तीन दर्जे झाले आणि अल्टिमेट अमेरिकेत १९.९९ वरून थेट २९.९९ डॉलरवर गेला, भारतातही महागला. महिन्याला एखादाच गेम उघडणार असाल तर सेलमध्ये विकत घेतलेला बरा. शिवाय मायक्रोसॉफ्टचे गेम आता पीएस५ वर येऊ लागलेत: फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये, गिअर्स ऑफ वॉर रीलोडेड ऑगस्टमध्ये. उलट दिशेने हेलडायव्हर्स २ सारखं एखादंच उदाहरण. फक्त गेमच्या यादीवर निर्णय घेणाऱ्याला हे पुरेसं आहे.

कंट्रोलर मात्र एक्सबॉक्सचा सोयीचा: दोन एए सेल, संपले की बदलले. पीएस५ चा कंट्रोलर चार्जिंगला लावून बसावं लागतं.

कोपऱ्यातला राउटर

घरात दहा वर्षांखालची मुलं असतील तर निन्टेंडो, यात मला शंका नाही. शंका आहे ती खरेदीची. स्विच २ जगात ५ जून २०२५ ला आला, पण भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही. दुकानात दिसतो तो आयात केलेला. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

जपानहून कोणी येत असेल तर सावध. तिथला स्वस्त स्विच २ (२०२५ मध्ये आला तेव्हा ४९,९८० येन) फक्त जपानी भाषेचा असतो आणि त्यावर जपान प्रदेशाचंच निन्टेंडो अकाउंट चालतं. बहुभाषक आवृत्ती तेव्हा ६९,९८० येनची होती. सिंगापूर, दुबई, अमेरिकेतला चालतो.

ई-शॉपला (निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानाला) भारत हा देशच नाही. अकाउंट अमेरिकेचं काढावं लागतं आणि आपली कार्डं तिथे बऱ्याचदा नाकारली जातात, म्हणून त्याच देशाचं गिफ्ट कार्ड घ्यायचं. डॉलरचं कार्ड जपानी अकाउंटला लागत नाही. मेमरी कार्ड मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. जुनं साधं कार्ड घातलं तर त्यातून फक्त फोटो-व्हिडिओ उतरवता येतात, गेम ठेवता येत नाही. आणि खोक्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का बघा: त्या कार्डात गेम नसतोच, डाउनलोड करावा लागतो. डॉकला (टीव्हीशी जोडणाऱ्या स्टँडला) सोबतचा ६० वॅटचा अॅडॉप्टरच लावा. फोनच्या चार्जरवर टीव्हीला चित्र येत नाही, आणि डॉक खराब निघाला म्हणून लोक दुकानात भांडायला जातात.

खटपट्या

विजेचं राहिलं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. पीएस५ भर खेळात २०० च्या आसपास ओढतो, ५५ इंची टीव्ही शंभर-सव्वाशे. जेमतेम बसतं आणि काही मिनिटंच चालतं. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं, सामना संपवायचा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’वर ठेवा, ‘इको’वर बदली होईपर्यंत कन्सोल रीस्टार्ट होतो. लाइट वारंवार जाते तिथे रेस्ट मोड वापरूच नका. तो झोपलेला असतो, बंद नसतो.

अचानक बंद पडून नंतर अडकू लागला तर: पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा, पहिली बीप सोडून द्या, सात सेकंदांनी दुसरी आली की हात काढा. सेफ मोड येईल. कंट्रोलर केबलने जोडून पीएस बटण दाबा, ‘क्लिअर कॅशे अँड रीबिल्ड डेटाबेस’ निवडा आणि त्यातलं रीबिल्ड करा. गेम आणि सेव्ह जात नाहीत. त्याखालचे रीसेटचे पर्याय वेगळे, तिकडे बोट नेऊ नका.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कुठलाच कन्सोल ठेवू नका. भिंतीपासून १० सेंटीमीटर तरी हवेत.

चौकटराजा

नेटबद्दल दोन ओळी. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तासांत, ४० वर साडेपाच तासांत उतरतो. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर डिजिटल कन्सोल घेणं म्हणजे विहीर नसलेल्या वाड्यात रहाट बसवणं.

ऑनलाइन खेळायला विकतच्या गेमना पीएस५ वर पीएस प्लस (सोनीची वर्गणी) लागतं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना नाही. बीजीएमआय कन्सोलवर नाही, हे मुलांना आधीच सांगा.

ताकवाली

जुना घेणाऱ्यांसाठी. एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना वाकल्यात का बघा, सर्वात जास्त दुखणी तिथली. स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून ऑनलाइन जा. बॅन झालेला कन्सोल तिथेच उघडा पडतो. स्विच २ बाबत हे नक्की करा, पायरेटेड कार्ट्रिजमुळे बॅन झालेले बाजारात आहेत. डिस्क घाला, जड गेम अर्धा तास चालवा. कंट्रोलरच्या काड्या न हलवता मेनू आपोआप सरकतो का बघा. ‘पन्नास गेमसकट’ असं कोणी विकत असेल तर ते गेम विकणाऱ्याच्या अकाउंटवर आहेत. तो पासवर्ड बदलेल त्या दिवशी संपले. मॉडेल क्रमांकही वाचा: भारतातला स्लिम सीएफआय-२००८ ने सुरू होतो, २०१५ अमेरिकेचा, २०१६ युरोपचा. चालतात तिन्ही, वॉरंटी इथे पहिल्याचीच.

कोपऱ्यातला राउटर

ताकवाली ताई, पीएस५ प्रोचं कोणी लिहिलं नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला तो आला तेव्हा सोनीने भारत वगळला, कारण त्यातल्या वाय-फाय ७ चा ६ गिगाहर्ट्झ पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. परदेशातून आणलेला चालतो, पण त्यात डिस्क ड्राइव्ह नसतो, तो वेगळा घ्यायचा. तोही त्याच फेरीत मागवा.