प्रति: पळसाचा डिंक आणि लाडवातला डिंक एकच का?

नाही हो, वर विचारलंय तसे ते एकच नाहीत. लाडवात घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा, तुपात टाकला की लाह्यांसारखा फुलतो. पळसाच्या सालीला खाच मारली की माणकासारखा लाल रस येतो, सुकला की काळपट, ठिसूळ खडे होतात, तोच बाजारात कमरकस म्हणून मिळतो आणि बाळंतिणीला देतात. यात टॅनिन भरपूर, म्हणून तर चव इतकी तुरट आणि जुलाबावर औषध, आणि त्याच गुणामुळे कातडी कमावायला नि रंगवायलाही वापरायचे. ओल्या चिकाला लोखंडी सुरी लावून बघा, पातं काळं पडतं. बिबळ्याच्या (बिजासाल) झाडाचाही लाल चीक अगदी याच प्रकारचा. फक्त खाच मारताना झाड जपा प्लीज, साल सगळीकडून सोलली तर पळस वाळतोच.